बटवड्याचे बंधन

डेन्मार्कच्या सरकारी टपालसेवेने ३० डिसेंबर २०२५ रोजी घरोघरी पत्रे वाटण्याचे काम कायमचे थांबवले. १६२४ पासून, म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेले हे काम होते. रस्त्यांवरच्या लाल पेट्या त्याआधीपासूनच काढल्या जात होत्या आणि त्यांतल्या काही विक्रीला निघाल्या तेव्हा लोकांनी त्या हातोहात नेल्या. या बातमीपाठोपाठ जगभर जो वाद रंगला, तो मला सुरुवातीपासून चुकीच्या जागी चालला आहे असे वाटते. एका पक्षाचे म्हणणे असे, की पत्र आता कोणी लिहीत नाही, मग जनतेच्या पैशावर टपालखाते पोसायचे कशाला? दुसरा पक्ष उत्तरादाखल हस्ताक्षराच्या, तिकिटांच्या, पोस्टमनची वाट पाहण्याच्या आठवणी सांगतो. पत्र गेले म्हणून एकजण पोस्टाचे दिवस घालायला निघाला आहे आणि दुसरा त्याच पत्राच्या आठवणीने गहिवरला आहे. पोस्ट म्हणजे पत्र, हे दोघांनीही न तपासता धरून चालले आहे.

माझे म्हणणे याहून वेगळे आहे आणि ते आधीच स्पष्ट सांगतो. पत्र हा टपालखात्याने वाहिलेल्या अनेक वस्तूंपैकी एक. टपालखात्याचा गाभा आहे तो एका सार्वजनिक बंधनात: ज्याला पत्ता आहे त्या प्रत्येक माणसापर्यंत, तो कुठेही राहत असो आणि त्याच्याकडून नफा होवो न होवो, ठरलेल्या आणि सर्वांना सारख्या दरात पोचायचे. हे बंधन ठेवायचे की नाही, ठेवायचे तर किती आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, हा खरा वाद आहे. पत्रांची संख्या हा त्यातला एक तपशील झाला.

हे बंधन टपालाच्या जन्मापासून नव्हते, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. ते कमावलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये पत्राचे हशील अंतरावर आणि कागदाच्या तावांवर ठरत असे आणि बहुतेक वेळा ते पत्र घेणाऱ्याने भरायचे असे. म्हणजे दारात आलेले पत्र आपल्या माणसाचे आहे हे दिसत असूनही पैसे नसले तर ते परत पाठवावे लागे. खासदारांना मात्र टपाल फुकट. टपालसुधारक रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये आपली पुस्तिका काढली ती या व्यवस्थेवर घाव घालण्यासाठी. पण त्यांचा युक्तिवाद दयेचा नव्हता, हिशेबाचा होता. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतका येतो, असे त्यांनी मांडले. बाकीचा पैसा जात होता तो प्रत्येक पत्राचे अंतर मोजण्यात, ताव तपासण्यात, दारोदार वसुली करण्यात आणि त्या वसुलीचे हिशेब ठेवण्यात. मग अंतर सोडून द्या, दर एकच ठेवा आणि पैसे पाठवणाऱ्याकडून आधीच घ्या! १८४० मध्ये एक पेनीचे टपाल आणि त्याबरोबर चिकटवायचे तिकीट आले आणि पहिल्याच वर्षी पत्रे दुपटीहून जास्त वाढली. तरीही टपालखात्याचा नफा जुन्या पातळीवर यायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. आजच्या वादातले लोक त्या काळात असते, तर १८४५ साली त्यांनी ही योजना तोट्याची ठरवून गुंडाळली असती. ती गुंडाळली गेली नाही आणि काही दशकांत जगातल्या बहुतेक देशांनी समान दराचे तत्त्व उचलले. भारतात १८५४ मध्ये अंतराचा विचार न करता पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा हा दर आला. १८७४ मध्ये बर्न येथे २२ देशांनी करार करून टपालापुरते एकच क्षेत्र मान्य केले. त्यातून उभ्या राहिलेल्या जागतिक टपाल संघाचे आज १९२ सदस्य देश आहेत. एकमेकांशी बोलणे टाकलेल्या देशांचे टपालही बहुतांश काळ एकमेकांकडे जात राहिले, यामागे हेच तत्त्व आहे.

आता पोस्ट म्हणजे पत्र या समजुतीकडे येऊ. अमेरिकेत १७९२ चा टपाल कायदा झाला, तेव्हा त्या कायद्याचा सर्वांत दूरगामी भाग वर्तमानपत्रांसंबंधी होता. खासगी पत्राला भरपूर हशील, पण वर्तमानपत्राला नाममात्र दर, कारण दूरच्या वस्तीतल्या मतदाराला राजधानीत काय चालले आहे हे कळले नाही तर प्रजासत्ताक चालायचे कसे? ब्रिटनमध्ये १८६१ साली पोस्टात बचत बँक उघडली. खासगी बँका मजुराच्या चिल्लर पैशाकडे ढुंकून बघत नव्हत्या, ही गरज त्यामागे होती. जपानने १८७५ मध्ये आणि भारताने १८८२ मध्ये तेच केले. भारतात १८८० मध्ये मनीऑर्डर आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिवतापावरच्या क्विनाइनच्या पैशाला मिळणाऱ्या पुड्या पोस्टाच्या खिडकीवर विकल्या जात. त्या विकायला पोस्टच का निवडले गेले? त्या वस्तीत सरकारची दुसरी खिडकीच नव्हती म्हणून. अमेरिकेत १ जानेवारी १९१३ रोजी पार्सल टपाल सुरू झाले ते एक्स्प्रेस कंपन्यांचा आणि दुकानदारांचा वर्षानुवर्षांचा विरोध मोडून. थैलीत काय आहे ते दर पिढीला बदलत गेले. थैली कुठवर जाते, हे तेवढे बदलले नाही.

मनीऑर्डरचा फॉर्म ज्यांनी भरला आहे त्यांना त्याच्या तळाशी असलेला अरुंद कप्पा आठवेल. तिथे दोन-तीन ओळींचा निरोप लिहिता येई. पैसे मिळाले की पोस्टमन ती पट्टी फाडून घेणाऱ्याच्या हातात देई आणि त्याची सही किंवा अंगठा घेतलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत जाई. ही पोच मला फार महत्त्वाची वाटते. पैसे पोचवणे हा एक व्यवहार झाला. पैसे खरोखर त्याच माणसाच्या हातात पडले याची साक्ष तिसऱ्या, ओळखीपाळखीच्या नसलेल्या सरकारी माणसाने द्यायची, हा दुसरा व्यवहार आणि तो पहिल्याइतकाच मोलाचा.

टपालाच्या या साक्षीवर कायदा किती विसंबून आहे ते पाहा. इंग्लंडमध्ये १८१८ साली ॲडम्स विरुद्ध लिंडसेल हा लोकरीच्या विक्रीचा खटला झाला. विकणाऱ्यांनी देकार, म्हणजे विक्रीचा प्रस्ताव, चुकीच्या पत्त्यावर पाठवला, तो उशिरा पोचला, घेणाऱ्यांनी लगेच होकार टपालात टाकला, पण तो हाती पडण्यापूर्वीच माल दुसऱ्याला विकला गेला होता. न्यायालयाने ठरवले, की होकार टपालात पडला त्या क्षणी करार पूर्ण झाला. आजही करारकायद्याचा विद्यार्थी हे तत्त्व शिकतो. भारतात १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम २७ सांगते, की योग्य पत्ता घालून, हशील भरून रजिस्टर्ड टपालाने पाठवलेली नोटीस, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचली असेच धरायचे. आणि न पोचलेले पाकीटसुद्धा मुके परत येत नाही. त्यावर ‘घर बंद’, ‘घेण्यास नकार’, ‘पत्ता सोडून गेले’ असा हाताने लिहिलेला शेरा, त्याखाली तारीख आणि सही असते. घरातून हुसकलेली बाई, भाडेकरू, कामावरून काढलेला कामगार, वारसाहक्काचा दावेदार, अशा कितीतरी माणसांचे दावे त्या एका शेऱ्यावर उभे राहतात किंवा पडतात. हा शेरा लिहिणाऱ्याचा त्या वादात काडीचाही स्वार्थ नसतो, यावरच त्याची सारी किंमत आहे.

समोरच्या बाजूचे जोरकस मुद्दे मी टाळणार नाही, कारण ते खरे आहेत. डेन्मार्कमध्ये २००० सालापासून पत्रांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. इतकी घट झाल्यावर रोज प्रत्येक गल्लीत माणूस पाठवणे म्हणजे रिकामी थैली फिरवणे होय, हे नाकारता येत नाही. मोठ्या शहरात पार्सल वेळेवर पोचवण्याच्या बाबतीत खासगी कुरिअरने अनेक देशांत सरकारी टपालाला मागे टाकले आहे, हेही खरे. मक्तेदारीत वाढलेल्या खात्याच्या खिडकीवर नागरिकाला याचकासारखे उभे राहावे लागते, हा अनुभव फार लोकांचा आहे आणि तो खोटा म्हणण्याचा मला अधिकार नाही. शिवाय टपाल सरकारच्या हाती म्हणजे पत्रही सरकारच्या हाती. १८४४ मध्ये इटलीचे देशभक्त मॅझिनी लंडनमध्ये आश्रयाला असताना त्यांची पत्रे ब्रिटिश गृहमंत्र्यांच्या हुकमाने टपालात फोडली गेल्याचे उघड झाले आणि संसदेत गदारोळ उठला. पत्र फोडण्याचा अधिकार बहुतेक सरकारांनी कायद्यात आजही राखून ठेवला आहे.

या सगळ्यांहून भारी मुद्दा ब्रिटनमधल्या होरायझन प्रकरणाचा आहे. १९९९ पासून तिथल्या पोस्टाच्या शाखांत बसवलेली संगणकप्रणाली खोटी तूट दाखवत होती आणि त्या तुटीपायी २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक उपपोस्टमास्तरांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. त्यांतले बहुसंख्य खटले पोस्टाने स्वतःच चालवले होते. ज्या माणसांकडे सारी वस्ती विश्वासाने पैसे ठेवत होती, त्यांतले काही तुरुंगात गेले, कित्येक देशोधडीला लागले, काहींनी जीव दिला. त्यांच्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ साल उजाडले. टपालसेवा सार्वजनिक असली म्हणजे ती आपोआप सज्जन असते, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने हे प्रकरण आधी वाचावे. मी तसे म्हणत नाही. पण या प्रकरणातून टपालखाते नको असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी दुसरी एक गोष्ट नजरेआड केली आहे. तिथे यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवला गेला आणि समोर उभा असलेला माणूस खोटा ठरवला गेला. आज टपालाची खिडकी बंद करून सारे काही प्रणालीवर सोपवा म्हणणाऱ्यांचे औषध नेमके तेच आहे, ज्याने तो आजार झाला.

‘आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे’ हा डिजिटल पक्षाचा हुकमी एक्का. पण फोनवरचे खाते आणि दारावरचा पत्ता या दोन गोष्टींत मूलभूत फरक आहे. खाते मला उघडावे लागते, अटी मान्य कराव्या लागतात, परवलीचा शब्द सांभाळावा लागतो, जुने यंत्र बदलावे लागते. ते खाते कंपनी बंद करू शकते आणि का बंद केले हे सांगायला कोणी समोर येत नाही. पत्त्यासाठी मला यातले काहीच करावे लागत नाही. मी राहतो, एवढे पुरे. अंध, वृद्ध, निरक्षर, आजारी, कर्जबाजारी, कोणाशी न बोलणारा, कसाही असलो तरी मला पोचवण्याचे काम दुसऱ्याचे आहे. डिजिटल व्यवस्थेत पोचण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते, टपालात ती पोचवणाऱ्यावर असते. ही जबाबदारी सरकारकडून काढून सर्वांत दुबळ्या नागरिकाच्या माथी मारायची आणि त्याला प्रगती म्हणायचे, हे मला पटत नाही. सरकारी पत्रव्यवहार डिजिटल करण्यात जगात पुढे असलेल्या डेन्मार्कलाही त्यातून सूट मागणाऱ्या नागरिकांची सोय कायद्यात ठेवावी लागली आहे.

आणि तिथला घटनाक्रमही तपासण्यासारखा आहे. १ जानेवारी २०२४ पासून नव्या कायद्याने आधी सार्वत्रिक सेवेचे, म्हणजे प्रत्येक पत्त्यापर्यंत पोचण्याचे, बंधन काढून घेतले आणि पत्रावर कर लागू झाला. पत्र पाठवणे महागले, पत्रे आणखी घटली, मग सेवा बंद झाली. घट आधीपासूनची होती हे मी वर मान्य केलेच आहे. पण शेवटचा धक्का लोकांच्या सवयीने दिला, की कायद्याने?

तोट्याच्या मुद्द्याकडे वळताना प्रथम विचारले पाहिजे, की तोटा कशाचा मोजला आहे. अमेरिकेत २००६ च्या कायद्याने टपालखात्यावर निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्यखर्चाची तरतूद कित्येक वर्षे आगाऊ करण्याची सक्ती लादली. वर्षाला साधारण साडेपाच अब्ज डॉलरचा हा बोजा दुसऱ्या कोणत्याही सरकारी खात्यावर नव्हता. पुढची दहा-बारा वर्षे टपालाचा तोटा म्हणून जो आकडा भाषणांत फेकला गेला, त्याचा मोठा भाग हा होता. २०२२ मध्ये ती सक्ती रद्द झाली. त्यानंतरही तिथला तोटा थांबलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण उरलेला तोटा हाच मुळी बंधनाचा खर्च आहे. दाट वस्तीतले फायद्याचे पार्सल खासगी कंपनी उचलते आणि शेवटच्या वस्तीतले एकटे घर टपालाच्या वाट्याला राहते. अमेरिकेतल्या दोन सर्वांत मोठ्या खासगी कंपन्यांनी अनेक वर्षे आपली कित्येक हलकी पार्सले शेवटच्या टप्प्यासाठी सरकारी टपालाच्याच हवाली केली, कारण त्या दारापर्यंत स्वतःची गाडी पाठवणे त्यांना परवडत नव्हते. सायीवर एकाचा हक्क आणि ताकाचा हिशेब मात्र दुसऱ्याच्या नावावर, अशी ही वाटणी आहे. रस्त्याला, दीपगृहाला, न्यायालयाला आपण तोट्यात चालले म्हणतो का?

बंधन मोडले की काय होते याचे उत्तर न्यूझीलंडने स्वतःच्या खर्चाने शोधून ठेवले आहे. १९८७ मध्ये तिथे टपालखात्याचे तीन तुकडे झाले: टपाल, दूरध्वनी आणि बँक. फेब्रुवारी १९८८ मध्ये एका दिवसात ४३२ टपालकचेऱ्या बंद केल्या गेल्या. १९८९ मध्ये टपाल बँक विकली गेली. हिशेबाच्या वहीत हे सारे चोख दिसले आणि कार्यक्षमतेचे उदाहरण म्हणून वाखाणलेही गेले. पुढे उरलेल्या बँकांनीही लहान गावांतल्या शाखा मिटायला सुरुवात केली, बँकांची मालकी बहुतांशी परदेशी झाली, लोकांची ओरड वाढली आणि २००२ मध्ये सरकारी टपाल कंपनीनेच नवी बँक उघडली. तिच्या खिडक्या टपालाच्या दुकानांतच होत्या. पंधरा वर्षांपूर्वी जे मोडले तेच पुन्हा पदरमोड करून उभे करावे लागले. जपानने टपाल खासगी करण्याचा प्रश्न २००५ ची निवडणूक लढवण्याइतका ताणला आणि २००७ मध्ये तसे केलेही, पण २०१२ मध्ये कायदा बदलून बचत आणि विमा या सेवाही पोस्टाच्या सार्वत्रिक बंधनात घेतल्या.

पत्त्यांच्या बाबतीत तर सार्वजनिक ठेवा किती सहज हातचा जातो हे ब्रिटनमध्ये दिसले. तिथल्या टपालखात्याने पिढ्यान् पिढ्या घरोघरी फिरून देशातल्या प्रत्येक पत्त्याची आणि त्याच्या टपाल संकेतांकाची यादी बनवली होती. २०१३ मध्ये टपाल कंपनीचे समभाग विकताना ही यादीही तिच्याबरोबर गेली. दुसऱ्याच वर्षी संसदीय समितीने ती विक्री चूक असल्याचे नोंदवले. भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून सहा आकडी पिनकोड आला. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांतले पत्ते यांतून टपालाची छाननी सोपी व्हावी, एवढाच त्याचा हेतू होता. आज खासगी कुरिअर, बँका, विमा कंपन्या, ऑनलाइन दुकाने सगळे त्याच आकड्यांवर चालतात आणि त्याबद्दल टपालाला कोणी छदामही देत नाही. टपालाच्या जमाखर्चात हे उत्पन्न कुठेच दिसत नाही, तोटा मात्र दिसतो.

बंधन ठेवायचे म्हणजे जुन्या रूपात गोठवायचे, असा याचा अर्थ मी करत नाही. ब्रिटनच्या नियामकाने २०२५ मध्ये दुय्यम दर्जाच्या पत्रांचा बटवडा एक दिवसाआड करायला परवानगी दिली आणि तातडीच्या पत्रांचा आठवड्यातले सहा दिवस कायम ठेवला. तो निर्णय कोणाला आवडो न आवडो, तिथे बंधन किती असावे यावर उघड चर्चा झाली आणि ते कायद्याच्या चौकटीत राहिले. वादाची रीत ही असायला हवी. भारताचेच पाहा. स्वातंत्र्याच्या वेळी २३,३४४ टपालकचेऱ्या होत्या, आज साधारण १ लाख ६४ हजार आहेत आणि त्यांतल्या सुमारे ९० टक्के ग्रामीण भागात आहेत. यांतल्या किती कचेऱ्या नफ्यात आहेत हा प्रश्न विचारायला हरकत नाही. पण त्याआधी विचारा, की त्या नसतील तर त्या गावातल्या माणसाला बचतखाते, निवृत्तिवेतन, नोटिशीची पोच आणि मतदानाचे ओळखपत्र यांसाठी किती कोस जावे लागेल आणि त्याचा बुडालेला रोजगार कोणाच्या खात्यात तोटा म्हणून मांडणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक देशाने टपालाचे बंधन कायद्यात शब्दांत लिहावे: सर्वांत दूरच्या घरी आठवड्यातून किती दिवस बटवडा, खिडकी जास्तीत जास्त किती अंतरावर, दर सर्वत्र सारखा की नाही, पोच देण्याची जबाबदारी कोणाची, पत्र फोडण्याची परवानगी कोण देणार आणि ती दिल्याचे नागरिकाला कधी कळणार. मग त्या बंधनाचा खर्च टपालाच्या बाकीच्या धंद्यापासून वेगळा काढून अंदाजपत्रकात त्याच्या नावाने, एका वेगळ्या ओळीत दाखवावा. आकडा मोठा निघाला तर लोकप्रतिनिधींनी उभे राहून सांगावे, की कोणत्या वस्तीचा बटवडा आम्ही थांबवतो आहोत.